मुद्देमाल

मृग लागून चार दिवस झाले होते आणि आमच्या तालुक्याच्या कोर्टात एक किरकोळ अर्ज सुनावणीला होता. नदीपात्रातून वाळू चोरल्याच्या आरोपावरून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची बैलगाडी पोलिसांनी पकडली होती. जप्तीच्या पंचनाम्यात नेहमीच्या ठशाची यादी होती : एक लाकडी बैलगाडी, तीत अंदाजे पाव ब्रास ओली वाळू, दोन फावडी, एक लोखंडी घमेले, आणि शेवटी दोन बैल, एक पांढरा, एक कोसा. प्रत्येक नगापुढे ‘जु. वा. किं. अं.’, म्हणजे जुने, वापरते, किंमत अंदाजे, असे लिहून आकडा टाकलेला. लिहिणाऱ्याचा हात सवयीने चालला असावा, कारण बैलांपुढेही त्याने ‘जु. वा.’ लिहून ठेवले होते. मी उभा राहिलो आणि गेली चौतीस वर्षे जे म्हणत आलो तेच म्हणालो, की मुद्देमाल ठाण्याच्या आवारात पडून राहिला तर त्याची किंमत घटेल, अर्जदार मालक आहे, योग्य ती हमी देण्यास तयार आहे, सबब मुद्देमाल सुपूर्तनाम्यावर परत मिळावा. सरकारी वकिलांनी फारसा विरोध केला नाही आणि पाच मिनिटांत हुकूम झाला. बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हातारा थोडा वेळ गप्प उभा राहिला. मग त्याने विचारले, ‘‘साहेब, आत तुम्ही मुद्देमाल मुद्देमाल म्हनत व्हता, ते आमच्या सोन्या-पाखऱ्यालाच ना?’’ मी हो म्हणालो. ‘‘मंग हरकत न्हाई,’’ तो म्हणाला, ‘‘सुटले न्हवं का.’’

ते ‘हरकत न्हाई’ मला त्या दिवसभर टोचत राहिले. त्यात तक्रार असती तर मी तिचा विचार केला नसता, कारण कोर्टात रोज तक्रारी ऐकतो. पण तो मला मोकळीक देत होता, जणू काही मी त्याच्या घरातल्या कुणाला नको ते बोललो होतो आणि काम झाल्यामुळे त्याने ते पोटात घातले होते. खरे तर माझ्या युक्तिवादात बैलांची भूक नव्हती, उन्हात बांधलेल्या जनावरांची लागलेली धाप नव्हती, पेरणी खोळंबल्याचेही मी शेवटी एका वाक्यात उरकले होते. जे चालते ते मी वापरले होते, आणि चालते ते ‘किंमत घटेल’ हे. संध्याकाळी घरी चहा घेताना मला एकाएकी बेंजामिन बटलर आठवला, जो वकील होता, राजकारणी होता, आणि 1861 साली अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेच्या, म्हणजे सरकारच्या, बाजूने अंगावर जनरलचा गणवेश चढवून व्हर्जिनियातल्या एका किल्ल्यात जाऊन बसला होता.

त्याने तर माणसांनाच मुद्देमाल म्हटले होते.

तो किल्ला मी पाहिला आहे. मुलगी व्हर्जिनियात राहते आणि तिच्याकडे गेलो असताना एका रविवारी जावयांनी आम्हांला समुद्राकडे नेले होते. फोर्ट मन्‍रो हा आपल्या जलदुर्गांसारखा छातीवर येणारा किल्ला नाही. बुटका, पसरट, खाऱ्या पाण्याच्या रुंद खंदकाने वेढलेला, आत हिरवळ आणि ओकची जुनी थोराड झाडे असलेला असा तो आहे. तटावर उभे राहिले की वाऱ्याबरोबर शेवाळाचा आणि ओल्या चुन्याचा वास येतो आणि पाण्यापलीकडे सूअल्स पॉइंटच्या बाजूला आजच्या आरमाराची राखाडी जहाजे रांगेने दिसतात. सौ. खाली सावलीत बसली होती, जावई मुलांना तोफा दाखवत होते आणि मी ते पलीकडचे पाणी पाहत होतो. याच टोकाला 1619 च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या व्हर्जिनियात पहिले वीसेक आफ्रिकी लोक जहाजातून आणून अन्नसामग्रीच्या बदल्यात दिले गेले होते. आणि याच पाण्यावरून 23 मे 1861 च्या रात्री तीन माणसे एका लहानशा होडीतून उलट दिशेने, म्हणजे किल्ल्याकडे, वल्ही मारत आली.

फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी अशी त्यांची नावे. तिसऱ्याचे आडनाव त्याच्या मालकाचेच आहे. मालक कर्नल चार्ल्स मॅलरी गुलामी राखण्यासाठी देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या बाजूचा होता आणि त्याने या तिघांना सूअल्स पॉइंटवर तोफखान्याचा मोर्चा बांधण्याच्या कामाला जुंपले होते. आता त्यांना आणखी दक्षिणेला, कॅरोलिनाकडे नेणार असल्याची कुणकुण त्यांना लागली होती आणि त्यांच्यातल्या काहींची बायकामुले हॅम्प्टनात, म्हणजे किल्ल्याच्या अगदी शेजारी, होती. पुस्तके या प्रसंगाची सुरुवात बटलरपासून करतात. मला वाटते, सुरुवात होडीपासून करायला हवी. किल्ल्यात आपले काय होईल हे त्या तिघांना ठाऊक असणे शक्य नव्हते. 1850 च्या कायद्याप्रमाणे पळालेला गुलाम मालकाला परत करणे हे सरकारचे कर्तव्य होते, आणि किल्ल्यावर झेंडा सरकारचाच होता. फौजी छावण्यांतून अशी माणसे परत पाठवलीही जात होती. तरीही त्यांनी वल्ही उचलली.

बटलर किल्ल्यावर येऊन जेमतेम एक दिवस झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मालकाच्या वतीने मेजर जॉन कॅरी नावाचा अधिकारी पांढरे निशाण घेऊन आला. हा कॅरी युद्धापूर्वी हॅम्प्टनातल्या एका लष्करी शाळेचा मुख्याध्यापक होता. त्याने विचारले, की पळालेले गुलाम परत करण्याचे संविधानाने घातलेले बंधन तुम्ही पाळणार की नाही? बटलरचे उत्तर वाचताना प्रत्येक वेळी माझ्या आतला वकील खुशीत येतो. व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, तो म्हणाला, आणि परक्या देशाशी माझे संवैधानिक बंधन काही नाही. आदल्याच दिवशी व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटून निघण्यावर शिक्कामोर्तब केले होते, म्हणजे प्रतिपक्षाच्या हातातला कागद त्याच्याच गळ्यात घालण्याचा हा प्रकार होता. कॅरी म्हणाला, पण आम्हांला फुटता येतच नाही असे तर तुमचे म्हणणे आहे, मग गुलाम कसे ठेवून घेता? हा प्रश्नही बिनतोड होता. बटलरने तोही परतवला : तुम्ही फुटलो म्हणता, आणि त्या तिघांना माझ्याविरुद्ध मोर्चा बांधायला वापरता, शत्रू जी मालमत्ता लढाईसाठी वापरतो ती जप्त करता येते, सबब मी यांना युद्धातला निषिद्ध माल म्हणून ठेवून घेतो.

इंग्रजीतला शब्द होता ‘कॉन्ट्राबँड’. याला मराठी शब्द शोधताना मी अडखळतो. ‘निषिद्ध माल’ पुस्तकी आहे, ‘जप्तीचा माल’ त्यातल्या त्यात जवळचा, आणि बाजारातली माणसे ज्याला दोन नंबरचा माल म्हणतात त्याचीही एक छटा त्यात आहे. कसाही फिरवा, ‘माल’ काही सुटत नाही.

या युक्तिवादाची मेख अशी, की गुलाम ही मालमत्ता आहे हे मालकाचेच म्हणणे बटलरने जसेच्या तसे मान्य केले. माणूस माणसाचा मालक होऊ शकत नाही असे तो म्हणाला असता तर कॅरी हसला असता, वॉशिंग्टनहून खरमरीत पत्र आले असते आणि ते तिघे कदाचित पुन्हा सूअल्स पॉइंटवर माती उपसत बसले असते. लिंकनच्या सरकारला त्या वेळी गुलामीच्या प्रश्नाला हात लावायचा नव्हता, कारण गुलामी असूनही न फुटलेली राज्ये हातची जाण्याची भीती होती. जप्तीला मात्र कुणाची हरकत नव्हती. हे मला समजते, पटतेही. पण त्याच भेटीत बटलर आणखी एक वाक्य बोलला आणि ते मला समजले तरी गिळवत नाही. कर्नल मॅलरीने किल्ल्यात येऊन देशाशी निष्ठेची शपथ घेतली तर त्याची माणसे त्याला परत देईन, असे त्याने सांगितले. मॅलरी आला नाही म्हणून बरे. आला असता तर बटलरने शब्द पाळला असता, असे मला वाटते. पक्षकाराला माहीत नसलेली तडजोड परस्पर टेबलावर ठेवणारे वकील मी पाहिले आहेत, आणि एक-दोनदा त्या खुर्चीत मीही बसलो आहे.

मुळात हा मनुष्य गुलामीविरुद्ध पेटून उठलेला कधीच नव्हता. 1818 साली न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मलेला हा मुलगा वर्षाचाही नव्हता तेव्हा वडील वेस्ट इंडीजमध्ये पिवळ्या तापाने गेले. आईने मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या गिरणगावात गिरणी कामगारांसाठी खानावळवजा वसतिगृह चालवून त्याला शिकवले. फौजी शिक्षणाची त्याची इच्छा पुरी झाली नाही म्हणून तो वकील झाला. एका गिरणी कामगार मुलीची मजुरी बुडवली गेली तेव्हा त्याने वसुलीसाठी त्या गिरणीच्या मुख्य चाकावरच जप्ती आणली, अशी गोष्ट त्याच्याविषयी सांगतात. खरी असो वा नसो, ती त्याच्या स्वभावाला शोभते. दहा तासांच्या कामाच्या दिवसासाठी तो भांडला, त्या बळावर आमदार झाला. पण लोवेलच्या मागांवर चढणारा कापूस गुलामांनी वेचलेला होता आणि बटलर ज्या पक्षात होता तो दक्षिणेला सांभाळून घेणारा होता. 1860 मध्ये त्या पक्षाच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडताना त्याने पन्नासहून अधिक फेऱ्यांत एकाच माणसाला मत दिले, आणि तो माणूस होता जेफरसन डेव्हिस, जो वर्षाच्या आत बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष झाला. एप्रिल 1861 मध्ये फौज घेऊन मेरीलँडमध्ये शिरलेल्या बटलरने तिथल्या गव्हर्नरला असेही कळवले होते, की गुलामांनी उठाव केला तर तो मोडून काढायला माझी फौज तुमच्या दिमतीला आहे. या पत्रानंतर महिन्याभरात ते तिघे त्याच्या दारात उभे राहिले. टकलू, लठ्ठ, एका डोळ्याने तिरळा आणि बोलण्यात कुणालाही न आटोपणारा असा हा बेचाळीस वर्षांचा गृहस्थ त्या रात्री बदलला असे मानायला मी तयार नाही. त्याला फक्त चांगली केस मिळाली होती.

पण केस त्याच्या हातात राहिली नाही. तिघांना परत पाठवले नाही ही बातमी पाण्यापलीकडे कशी पोहोचली कोण जाणे, पण आणखी आठ जण आले, मग सत्तेचाळीस, मग कुटुंबेच्या कुटुंबे, कडेवरची पोरे आणि काठी टेकणारी म्हातारी माणसे. किल्ल्याला ते ‘स्वातंत्र्याचा किल्ला’ म्हणू लागले. 27 मेच्या पत्रात बटलरने वरिष्ठांना कळवले, की आतापर्यंत आलेल्यांची किंमत चांगल्या काळात 60,000 डॉलर झाली असती. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. त्याच पत्रात तो विचारतो, की आईबापांची मजुरी घ्यायची आणि त्यांची मुले घ्यायची नाहीत हे करता येईल का? जप्तीचा युक्तिवाद इथे तोकडा पडत होता. मोर्चा बांधणारा बाप्या लढाईच्या कामाचा माल ठरेल, पण दोन वर्षांचे पोर कुठल्या लढाईच्या कामाचे?

जुलै संपता संपता त्याने युद्धमंत्र्यांना आणखी एक पत्र लिहिले आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या आयुष्यात वकिलाचे त्याहून मोठे काम नाही. आधी हिशेब आहे : एकूण 900, त्यांत धडधाकट पुरुष 300, कष्टाच्या पलीकडे गेलेले 30, बाया 175, दहा वर्षांखालची मुले 225, दहा ते अठरा वयाची 170. बेरीज मी करून पाहिली, बरोबर जमते. यादीनंतर प्रश्न सुरू होतात. ही माणसे गुलाम आहेत की मुक्त? ती माणसे आहेत की मालमत्ता की दोन्हींची सरमिसळ? आणि मग तो समुद्री कायद्यातले एक जुने तत्त्व पुढे करतो, ज्याप्रमाणे टाकून दिलेल्या जहाजातला माल वाचवणाऱ्याचा त्या मालावर हक्क पोहोचतो. मालक यांना टाकून पळाले, तेव्हा ही मालमत्ता असेल तर ती वाचवणाऱ्यांची, म्हणजे आमची झाली. पण आम्हांला अशी मालमत्ता नको आहे आणि आम्ही ती ठेवणार नाही. मग मालकीचे सगळे नाते इथेच संपले ना? आणि ते संपले असेल, तर हे आता पुरुष, स्त्रिया आणि मुले झाले ना?

मे महिन्यात ज्या शब्दाच्या आडोशाने त्याने तिघांना आत घेतले, तोच शब्द त्याने जुलैत पायरीपायरीने असा पुढे नेला की त्यात कुणी मालकच उरला नाही. हे करताना त्याच्या मनात करुणा होती की निव्वळ युक्तिवादाची ओढ होती, याचा निवाडा मला करता येत नाही. मुद्दा शेवटपर्यंत नेला नाही तर झोप लागत नाही अशा जातीचे वकील असतात. ऑगस्टच्या 6 तारखेला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बंडाच्या कामी लावलेल्या गुलामांवरचा मालकाचा हक्क संपवणारा कायदा केला. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा त्यानंतर जवळजवळ दीड वर्षाने, 1 जानेवारी 1863 ला अमलात आला. मधल्या काळात हजारो माणसांना नाव एकच होते, ‘कॉन्ट्राबँड’. ना गुलाम, ना मुक्त.

आणि तरी याच माणसाची दुसरी बाजू दिसली की हात आखडतो. 1862 च्या मेमध्ये दक्षिणेतले न्यू ऑर्लिन्स शहर ताब्यात आल्यावर तिथल्या घरंदाज बायका फौजेतल्या शिपायांचा जाहीर पाणउतारा करत. बटलरने हुकूम काढला, की यापुढे जी बाई असे करील तिला धंदा करणारी बाजारबसवी समजून वागवले जाईल. हा अठ्ठाविसाव्या क्रमांकाचा हुकूम पार लंडनच्या पार्लमेंटात गाजला, दक्षिणेत त्याचे नाव ‘पशू बटलर’ पडले आणि त्याचे चित्र तळाशी छापलेली शौचाची भांडी निघाली. मला त्या हुकुमात फोर्ट मन्‍रोची तीच करामत दिसते. माणसाला त्याच्या मूळ रकान्यातून उचलायचे आणि कायद्याला सोयीच्या दुसऱ्या रकान्यात बसवायचे. पहिल्या खेपेला माणसे सुटली, दुसऱ्या खेपेला बायांची बेअब्रू झाली. चांदीचे चमचे लांबवल्याचा आरोप त्याच्यावर झाला आणि त्याच्या भावाने तिथे व्यापारात हात धुऊन घेतले हे खोटे नाही. शहर मात्र त्याने असे झाडून स्वच्छ केले की ज्या पिवळ्या तापाने त्याचा बाप नेला त्याची साथ त्या उन्हाळ्यात आली नाही. शिपाईगिरीत तर तो सुमारच होता. बिग बेथेलच्या लढाईत त्याच्याच योजनेत त्याच्या दोन तुकड्यांनी अंधारात एकमेकींवर गोळ्या झाडल्या, आणि 1865 च्या जानेवारीत त्याला घरी पाठवण्यात आले. पण न्यू मार्केट हाइट्सच्या लढाईत जिवावर उदार झालेल्या आपल्या कृष्णवर्णीय शिपायांसाठी त्याने स्वतःहून वेगळे चांदीचे पदक पाडून घेतले, हेही त्याच वहीत लिहावे लागते.

या युद्धाची धग आपल्याकडे कापसातून आली. अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा मुंबईचे भाव चढले, खानदेश-वऱ्हाडापर्यंत पैसा खुळखुळला, आणि 1865 मध्ये लढाई थांबताच शेअरबाजाराचा फुगा फुटून भलेभले देशोधडीला लागले. मुंबईच्या पेढ्यांवर या युद्धाची आठवण नफातोट्याची राहिली. पुण्यात मात्र 1873 साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांच्या निरपेक्षतेचा गौरव करून. ती अर्पणपत्रिका वाचताना मला नेहमी प्रश्न पडतो, की त्या सदाचारी लोकांच्या पंगतीत बटलरचे पान मांडायचे का? निरपेक्ष तर तो नव्हताच. फौजेतून परतल्यावर तो काँग्रेसमध्ये गेला आणि 1871 चा, कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीविरुद्धचा, कू क्लक्स क्लॅनविरोधी कायदा, 1875 चा नागरी हक्कांचा कायदा यांत त्याचा हात होता. तरी प्रत्येक वेळी त्याची नजर पुढच्या निवडणुकीवर असायची. शेवटी, चमचे मोजून घेऊन का होईना, मी त्याला पंगतीच्या टोकाला बसवतो.

त्या रविवारी किल्ल्याच्या तटाखालच्या दगडी कोठड्यांतही आम्ही गेलो होतो. तिथे एक कोठडी राखून ठेवली आहे. युद्ध हरल्यावर जेफरसन डेव्हिसला याच किल्ल्यात आणून बंद केले होते. दोन वर्षे तो कैदेत राहिला आणि खटला न चालताच सुटला. ज्याला बटलरने पन्नास-पन्नास वेळा मत दिले तो माणूस आणि ज्यांना त्याने माल म्हटले ते तिघे एकाच तटाच्या आत येऊन गेले. बटलरने आपल्या आयुष्यावर हजारावर पानांचे पुस्तक लिहिले आणि 1893 मध्ये तो गेला. त्या तिघांपैकी कुणाचे पुस्तक नाही. रात्री पाणी किती थंड होते, वल्ह्याचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी काय केले, ‘तुम्हांला माल म्हणून ठेवून घेतले आहे’ हे कुणी त्यांना सांगितले का, आणि सांगितले असेल तर ते काय म्हणाले? आमचा म्हातारा म्हणाला तसेच काहीसे म्हणाले असतील का?

हुकुमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात गेलो. या कामाला वकिलाने जायचे नसते, पण गेलो. मागच्या आवारात जप्तीच्या मोटारसायकली गंजत उभ्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे कडुलिंबाला ते दोघे बांधलेले होते, पोटे आत गेलेली, शेणात बसून पांढऱ्याचा पुठ्ठा पिवळा झालेला. म्हाताऱ्याने लांबूनच हाक मारली तशी दोघांनी माना वळवल्या. हवालदाराने सुपूर्तनामा वाचून दाखवला : मुद्देमाल विकणार नाही, त्यात बदल करणार नाही, कोर्ट सांगेल तेव्हा हजर करीन. म्हणजे निकाल लागेपर्यंत कागदोपत्री ते मुद्देमालच राहणार होते. म्हाताऱ्याने मान हलवली. वर्णनाच्या रकान्यापाशी तो वाकला आणि म्हणाला, ‘‘ह्यात त्यांची नावं न्हाईत.’’ हवालदार म्हणाला, ‘‘नावाला रकाना नसतो, बाबा.’’ मी खिशातले पेन काढले आणि वर्णनाच्या ओळीत, पांढरा या शब्दापुढे, ‘सोन्या’ आणि कोसा या शब्दापुढे ‘पाखऱ्या’ असे लिहिले. हवालदाराने माझ्याकडे पाहिले, पण तो काही बोलला नाही. मग म्हाताऱ्याचा डावा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला गेला. अंगठा पुसायला चिंधी सापडेना, तोवर तो बैलांपाशी पोहोचला होता. दावे सोडताना त्याने सोन्याच्या मानेवर हात फिरवला आणि तिथे पांढऱ्या कातडीवर जांभळा ठसा उमटला, कागदावरच्या ठशापेक्षा थोडा फिकट.